एक शहर, दोन लेखिका

अमेरिकेच्या दक्षिण भागांतील मिसिसिपी राज्याची राजधानी जॅक्सन. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथें गोऱ्यांच्या व काळ्यांच्या शाळा कायद्यानेंच निराळ्या होत्या. ही घडी मोडत असतांना येथील दोन लेखिकांनीं दक्षिणेच्या समाजाचें चित्र रेखाटलें.

युडोरा वेल्टी (१९०९–२००१) या तेथेंच जन्मलेल्या गौरवर्णीय लेखिका. मंदीच्या काळांत, १९३६ सालीं, सरकारी नोकरीनिमित्त त्या राज्यभर हिंडल्या. गरीब काळ्या स्त्रीपुरुषांचीं त्यांनीं घेतलेलीं छायाचित्रें पाहावींत. त्यांत कींव नाहीं, आदर आहे. १२ जून १९६३ रोजीं नागरी हक्कांचे पुढारी मेडगर एव्हर्स यांचा त्यांच्या घरासमोर गोळी घालून खून झाला. मारेकरी कोण हें कळलें नव्हतें. पण आपल्याच समाजांतील तें मन वेल्टीबाईंच्या परिचयाचें होतें. बातमी ऐकतांच त्यांनीं खुन्याच्याच तोंडून कथा लिहिली. पुढें पकडलेल्या आरोपीशीं ती इतकी जुळली, कीं छापण्यापूर्वीं कांहीं तपशील बदलावे लागले! त्या आरोपीस शिक्षा मात्र १९९४ सालीं झाली.

एव्हर्स यांच्याच रस्त्यावर मार्गारेट वॉकर (१९१५–१९९८) या कृष्णवर्णीय कवयित्री राहत. १९४९ पासून त्या तेथील महाविद्यालयांत शिकवीत होत्या. आपल्या पणजीच्या गुलामगिरीच्या हकीकती त्यांनीं आजीकडून ऐकल्या होत्या. त्यांवरून लिहिलेली ‘ज्युबिली’ ही कादंबरी १९६६ सालीं प्रसिद्ध झाली.

एकीनें मारणाऱ्याचें मन उघडें केलें, दुसरीनें सोसणाऱ्यांची स्मृति जपली. दोघींचें लेखन शेजारीं ठेवून वाचल्यावांचून तो समाज पुरता कळत नाहीं.