ऑनलाइन विक्रीतील त्रासदायक खरेदीदार

ऑनलाइन विक्रीतील त्रासदायक खरेदीदार म्हणजे आंतरजालावरून होणाऱ्या खरेदी-विक्रीत विक्रेत्याची फसवणूक करणारे, ठरलेला सौदा मोडणारे, पैसे थकवणारे अथवा माल परत करण्याच्या सवलतीचा गैरफायदा घेणारे ग्राहक होत. फसवणूक म्हटली की नाडला जाणारा ग्राहक आणि नाडणारा विक्रेता असे चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे येते. ऑनलाइन व्यवहारात मात्र विक्रेता हा पुष्कळदा व्यापारी नसतोच. जुनी दुचाकी विकणारा नोकरदार, बेदाणा विकणारा शेतकरी किंवा तंबोरा पाठवणारा कारागीर यांपैकी तो कोणीही असू शकतो. समोरची व्यक्ती न दिसणे, माल व पैसा यांची देवाणघेवाण एकाच क्षणी न होणे आणि दोघांमध्ये जबाबदार मध्यस्थ नसणे, ही या समस्येची तीन मूळ कारणे आहेत. प्रस्तुत लेखात या समस्येचे स्वरूप, त्यासंबंधीचे भारतीय कायदे व उपाय यांची माहिती सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील व्यवहारांच्या संदर्भात दिली आहे.

पार्श्वभूमी

न पाहिलेल्या ग्राहकाला माल पाठवण्याची पद्धत आंतरजालाहून जुनी आहे. भारतीय टपाल खात्याने १८७७ मध्ये व्हीपीपी म्हणजे मूल्यदेय टपालाची सोय सुरू केली. पोस्टमनच्या हाती पैसे दिल्यावरच गिऱ्हाइकाला पार्सल मिळत असे आणि ती रक्कम मनीऑर्डरने विक्रेत्याकडे जात असे. पुस्तके, औषधे, बी-बियाणे यांचा व्यापार या पद्धतीने गावोगाव पोहोचला. गिऱ्हाइकाने पार्सल नाकारले, तर ते विक्रेत्याकडे परत येई आणि टपालखर्च त्याच्या अंगावर पडे. आज ‘कॅश ऑन डिलिव्हरी’मध्ये नेमकी हीच अडचण उद्भवते.

जुन्या वस्तूंच्या जाहिरातींसाठी ओएलएक्स (२००६) व क्विकर (२००८) ही संकेतस्थळे निघाली. २०१६ मध्ये यूपीआय ही पैसे हस्तांतराची प्रणाली आली. भ्रमणध्वनीवरून क्षणात पैसे देता-घेता येऊ लागल्याने व्हॉट्सॲप गट व फेसबुकच्या माध्यमातून थेट विक्री सोपी झाली. परंतु ज्या वेगाने पैसे येतात त्याच वेगाने ते जाऊही शकतात, ही या सोयीची दुसरी बाजू आहे.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील स्थिती

सांगली जिल्ह्याचा मोठा भाग पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ हा वेगळा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. दोन्ही जिल्ह्यांत दूरच्या ग्राहकाला नावानिशी ठाऊक असलेली उत्पादने आहेत. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी (२०१०), कोरेगाव भागातील वाघ्या घेवडा (२०१६), सांगलीचा बेदाणा (२०१६), सांगलीची हळद (२०१८) आणि मिरजेचे सतार व तंबोरा (२०२४) यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

बाजार समितीतील सौद्यात परवानाधारक अडत्या असतो. शेतकऱ्याला पैसे मिळवून देण्याची जबाबदारी त्याच्यावर असते आणि तो कुठे भेटेल हे सर्वांना माहीत असते. थेट विक्रीत अडत वाचते, पण हा आधारही सुटतो. याचे उदाहरण द्राक्षांच्या बागेवरच्या सौद्यात आढळते. तासगाव, मिरज, पलूस, खानापूर व कवठेमहांकाळ या तालुक्यांत अनेक बागायतदार बागेतच व्यापाऱ्याला द्राक्षे विकतात. अशा व्यवहारातील फसवणुकीची रीत ठरलेली असते. परगावचा व्यापारी पहिल्या गाड्यांचे पैसे रोख व वेळेवर देतो, विश्वास बसल्यावर उधारी वाढवतो आणि हंगाम संपता संपता थकबाकी ठेवून निघून जातो किंवा न वटणारा धनादेश देतो. छाटणीपासून काढणीपर्यंत औषधे, खते व मजुरी यांवर खर्च झालेला असल्याने वर्षाचे सारे उत्पन्न त्या एका सौद्यावर अवलंबून असते. ऑनलाइन ठकसेनही प्रथम लहान रक्कम प्रामाणिकपणे देऊन मग मोठा घाव घालतो. साधन बदलले तरी डाव तोच राहिला आहे.

फसवणुकीचे व त्रासाचे प्रकार

पैसे ‘घेण्यासाठी’ पिन टाकायला लावणे

या प्रकारात ग्राहक घासाघीस न करता सांगितलेली किंमत मान्य करतो व पैसे पाठवण्याच्या निमित्ताने क्यूआर कोड पाठवतो. तो स्कॅन करून यूपीआय पिन टाकताच विक्रेत्याच्याच खात्यातून पैसे जातात. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन टाकणे म्हणजे पैसे देण्यास संमती देणे होय. पैशांची मागणी पाठवण्याच्या यूपीआयमधील सोयीचा असाच गैरवापर होत असल्याने, दोन व्यक्तींमधील व्यवहारांसाठीची ती सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. क्यूआर कोडचा धोका मात्र कायम आहे.

गणवेशाचा आधार

स्वतः लष्करात अथवा निमलष्करी दलात असल्याचे सांगून गणवेशातील छायाचित्र व ओळखपत्राची प्रत पाठवणे, ही देशभर आढळलेली पद्धत आहे. बदली झाल्याने प्रत्यक्ष येता येत नाही, असे कारण पुढे केले जाते. सातारा जिल्ह्याला सैनिकी परंपरा आहे. अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते आणि देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झाली. घरोघरी फौजी असलेल्या भागात गणवेशाबद्दल जो आदर असतो, त्याचाच ठक आमिषासारखा उपयोग करून घेतात. पाठवलेले ओळखपत्र बहुधा दुसऱ्याच कोणाचे तरी असते.

खोटी पावती व जादा रक्कम

पैसे पाठवल्याचे बनावट चित्र किंवा बँकेच्या संदेशासारखा दिसणारा लघुसंदेश पाठवून माल नेला जातो. कधी ‘चुकून जास्त रक्कम गेली, वरचे पैसे परत करा’ अशी विनवणी होते. प्रत्यक्षात खात्यात काहीच जमा झालेले नसते.

चोरीच्या पैशातून खरेदी

हा प्रकार सर्वांत गुंतागुंतीचा आहे. येथे पैसे खरोखर जमा होतात, पण ते तिसऱ्याच व्यक्तीला फसवून मिळवलेले असतात. त्या व्यक्तीने तक्रार केली की तपासात पैशांचा माग विक्रेत्याच्या खात्यापर्यंत येतो व ती रक्कम किंवा संपूर्ण खाते गोठवले जाते. माल गेलेला असतो आणि खातेही अडकलेले असते. अशा वेळी सौद्याचे संदेश, पावती व माल पाठवल्याचा पुरावा हाच विक्रेत्याचा बचाव ठरतो.

पार्सल नाकारणे व परताव्याचा गैरवापर

मागणी नोंदवून दारात आलेले पार्सल न घेणे हा गुन्हा ठरेलच असे नाही, पण जाण्या-येण्याचा खर्च विक्रेत्यावर पडतो. वस्तू वापरून परत करणे, नव्या वस्तूऐवजी जुनी परत पाठवणे किंवा रिकामा डबा आल्याची खोटी तक्रार करणे, हे परताव्याच्या गैरवापराचे प्रकार आहेत.

केवळ त्रासदायक ग्राहक

सौदा ठरल्यावर दारात येऊन भाव पाडणारा, वेळ ठरवून न येणारा किंवा रात्री-अपरात्री फोन करणारा ग्राहक त्रासदायक असतो, पण लबाड असतोच असे नाही. तसेच वर्णनाप्रमाणे वस्तू नसल्याची तक्रार करणारा ग्राहक आपला हक्कच बजावत असतो. या तिघांतील भेद ओळखणे विक्रेत्याच्या हिताचे असते.

वस्तूंनुसार वेगळ्या अडचणी

स्ट्रॉबेरीसारखे नाशवंत फळ परत आले तर ते पुन्हा विकता येत नाही. त्यामुळे अशा मालाला परताव्याची अट लागू करणे व्यवहार्य नसते. संपूर्ण रक्कम आगाऊ घेणे आणि माल पोहोचताच काही तासांत छायाचित्रासह तक्रार करण्याची मुदत ठेवणे, हा त्यावरील मार्ग होय.

तंबोऱ्याचा भोपळा प्रवासात तडकू शकतो. तो विक्रेत्याकडे तडकला, वाहतुकीत तडकला की ग्राहकाच्या हातून, हे नंतर ठरवणे कठीण असते. म्हणून वाद्य वाजवून दाखवण्यापासून खोके बंद करेपर्यंतचे सलग चित्रीकरण, वाहतूक विमा आणि ग्राहकाने खोके उघडतानाचे चित्रीकरण करण्याची अट यांना महत्त्व येते. हळद, गूळ व बेदाण्यात प्रतीवरून वाद होतात. मोहोरबंद नमुना दोघांकडे ठेवण्याची व्यापारातील जुनी रीत येथे उपयोगी पडते.

जुन्या वाहनाच्या विक्रीत पैसे मिळाल्यानंतरही धोका उरतो. खरेदीदाराने नोंदणी आपल्या नावावर करून घेतली नाही, तर अपघाताची भरपाई मूळ मालकाच्या गळ्यात पडू शकते. नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (२०१८) या खटल्यात स्पष्ट केले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे लागते. नमुना क्रमांक २९ व ३० यांवर सह्या घेतल्याशिवाय आणि दिनांक व वेळ लिहिलेली ताबापावती केल्याशिवाय किल्ली देऊ नये.

कायदेशीर तरतुदी

वस्तुविक्री अधिनियम, १९३० या कायद्यात पैसे न मिळालेल्या विक्रेत्याचे हक्क सांगितले आहेत. माल ताब्यात असेपर्यंत तो अडवून ठेवणे (कलम ४७), खरेदीदार दिवाळखोर झाल्यास वाटेतील माल थांबवणे (कलम ५०) आणि ठरावीक परिस्थितीत मालाची फेरविक्री करणे (कलम ५४) हे त्यांतील प्रमुख होत. माल अडवून ठेवला असताना तो नाशवंत असेल, तर फेरविक्रीसाठी आगाऊ सूचना देण्याची गरज नसते. किमतीच्या वसुलीसाठी दिवाणी दावा लावता येतो व त्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते.

फसवणुकीच्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहिता, २०२३ चे कलम ३१८ लागू होते. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. त्यापूर्वी भारतीय दंड संहितेतील कलम ४२० प्रसिद्ध होते. संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसवल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ड नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

केवळ पैसे न देणे म्हणजे फसवणुकीचा गुन्हा नव्हे. सौदा करतानाच पैसे बुडवण्याचा हेतू होता, हे दिसून यावे लागते. थकबाकीच्या अनेक तक्रारी ‘दिवाणी स्वरूपाच्या’ म्हणून बाजूला पडतात त्या यामुळेच. खोटे नाव, खोटा पत्ता किंवा अनेकांना तसेच फसवल्याचा पुरावा असेल, तर हेतू सिद्ध करणे सोपे जाते. म्हणून एकाच खरेदीदाराने फसवलेल्यांनी एकत्र येऊन तक्रार करणे हिताचे असते.

धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ चे कलम १३८ लागू होते. बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत रक्कम न आल्यास त्यापुढील एका महिन्यात न्यायालयात तक्रार करता येते. या मुदती चुकल्यास हक्काची बाजूही दुबळी होते. नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांना २००६ च्या अधिनियमाचे वेगळे संरक्षण आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे थकवणाऱ्या खरेदीदाराला बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा मुख्यतः ग्राहकासाठी आहे. खरेदीदाराविरुद्ध विक्रेत्याला ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही. २०२० चे ई-वाणिज्य नियमही व्यवसाय म्हणून नव्हे, तर व्यक्तिगतरीत्या एखादी वस्तू विकणाऱ्यास लागू होत नाहीत.

प्रतिबंधात्मक उपाय

बँकेच्या ॲपमध्ये किंवा खातेउताऱ्यात रक्कम दिसल्याखेरीज माल हातातून सोडू नये. ग्राहकाने पाठवलेले चित्र हा पुरावा मानू नये.
ग्राहकाने पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करू नये. पिन व ओटीपी कोणालाही सांगू नये आणि अनोळखी ॲप उतरवून घेऊ नये.
आधार, पॅन किंवा बँक पासबुकाच्या प्रती ग्राहकाला पाठवू नयेत. त्यांचा उपयोग पुढील माणसाला फसवण्यासाठी होतो.
भेट दिवसा, वर्दळीच्या ठिकाणी व सोबत कोणी असताना ठेवावी.
वस्तूतील दोष, किंमत, वाहतूकखर्च व परताव्याची अट संदेशात लिहून ग्राहकाची स्पष्ट संमती घ्यावी.
नव्या खरेदीदाराला उधारीची मर्यादा ठरवावी आणि मागील गाडीचे पैसे आल्यावरच पुढची गाडी भरावी.
अवाजवी घाई करणाऱ्या किंवा वस्तू न पाहताच किंमत मान्य करणाऱ्या ग्राहकाबाबत सावध राहावे.

तक्रार करण्याची पद्धत

पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावरही नोंद करता येते. रक्कम पुढच्या खात्यात वळवली जाण्यापूर्वी ती गोठवता आली तरच परत मिळण्याची शक्यता असते. त्यामुळे पहिल्या काही तासांना विशेष महत्त्व आहे. त्याच वेळी आपल्या बँकेलाही लेखी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत त्यालाच सोसावे लागते. कळवल्यानंतर होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी मात्र बँकेवर येते.

गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. अशी ‘शून्य’ क्रमांकाची नोंद पुढे योग्य ठाण्याकडे पाठवली जाते. संदेश, व्यवहार क्रमांक, फोन क्रमांक व पार्सलची पावती जपून ठेवावी. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदी पुराव्यात सादर करताना प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून मूळ संदेश पुसून केवळ त्यांची चित्रे ठेवणे पुरेसे नाही.

मर्यादा

लहान रकमेसाठी न्यायालयात जाणे अनेकांना परवडत नाही. परराज्यातील खरेदीदाराचा शोध लागला, तरी वसुली होईलच असे नाही. फसवले गेल्याची लाज वाटून, विशेषतः ज्येष्ठ नागरिक व सुशिक्षित विक्रेते, घरातही ही गोष्ट सांगत नाहीत आणि तक्रारीचा मोलाचा वेळ निघून जातो. दुसरीकडे, एकदा पोळलेले विक्रेते ऑनलाइन विक्रीच सोडून देतात व दूरच्या बाजारपेठेला मुकतात. बहुसंख्य खरेदीदार प्रामाणिक असतात. त्यामुळे सावधगिरीच्या अटी सर्व ग्राहकांना सारख्याच लावणे आणि त्या आधीच सांगून ठेवणे, ही पद्धत विक्रेता व ग्राहक दोघांनाही न्याय्य ठरते.

हे सुद्धा पहा

यूपीआय
सायबर गुन्हे
ग्राहक संरक्षण
कृषी उत्पन्न बाजार समिती
भौगोलिक मानांकन