होडीची बॅटरी कां उतरते ?

नारळी पौर्णिमेच्या सुमारास कोंकणांतील होड्या पुन्हां पाण्यांत लोटल्या जातात. पुष्कळदा अशा वेळीं एंजिन सुरू होत नाहीं, दिवे मंद लागतात, आणि बॅटरी निकामी झाली असा निकाल दिला जातो. नवी बॅटरी आणली तरी कांहीं दिवसांत तिचीहि तीच गत होते. गळती नळांत असतां हौद बदलून काय उपयोग ? आणि भर समुद्रांत रात्रीं दिवे विझले व पाणी उपसणारा पंप थांबला, तर गोष्ट जिवावर बेतते.

प्रथम बॅटरीची परीक्षा करावी. शिशाच्या पट्ट्यांची ही बॅटरी प्लांटे या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं सिद्ध केली. ती पूर्ण भरून आधीं ऋण व मग धन तार सोडावी आणि एक दिवस तशीच ठेवावी. नंतर मीटर सुमारें १२.६ व्होल्ट दाखवील तर बॅटरी निर्दोष समजावी, १२.२ म्हणजे सांठा निम्म्यावर आला.

बॅटरी निर्दोष ठरल्यास चोर तारांत आहे. धन तार पुन्हां जोडावी, सर्व बटणें बंद करावींत, आणि ऋण टोंक व त्याची तार यांच्यामध्यें अँपिअर मोजणारा मीटर घालावा. या वेळीं एंजिन सुरू करूं नये, मीटर जळेल. अर्धा अँपिअर क्षुल्लक भासतो. परंतु तो दिवसाला १२ अँपिअर-तास खातो, व ६० अँपिअर-तासांची बॅटरी पांच दिवसांत रिती करतो. आतां एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्याच्याबरोबर आंकडा एकदम उतरेल, त्याच वाटेवर गळती आहे. पंपाची तार बहुधा थेट बॅटरीस जोडलेली असते. तिचा सांधा तळच्या खाऱ्या पाण्यांत बुडाला कीं प्रवाह झिरपूं लागतो.

गळती नसून केवळ दिवाच मंद असेल, तर तो लावून बॅटरीपाशीं व दिव्यापाशीं व्होल्ट मोजावे. अर्ध्या व्होल्टाहून अधिक तफावत पडल्यास तार बारीक आहे, किंवा सांध्यावर हिरवा गंज चढला आहे. गंजलेला भाग कापून कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार घालावी. सांधे पाण्याच्या वर ठेवावे.

बॅटरी भरतांना पेटणारा वायु निघतो. म्हणून जवळ विडी ओढूं नये. पावसाळ्यांत होडी ओढून ठेवतांना तारा सोडाव्या, व बॅटरी महिन्यांतून एकदां भरावी. अर्धी रिती ठेवलेली बॅटरी बसल्या जागीं मरते.