संशोधनाची करसवलत कोणाच्या पदरात?

परळ-लालबागच्या गिरण्या १९८२ च्या संपाने संपल्या, असे सरसकट सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. त्याआधी कितीतरी वर्षे अनेक गिरण्यांत जुनाट यंत्रे रडतखडत चालत होती. नफ्याचा पुरेसा वाटा नव्या तंत्राकडे वळलाच नव्हता. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची मुभा मिळाली. त्या पैशातून गिरण्यांचे पुनरुज्जीवन व्हावे, कामगारांची देणी फिटावीत, हा हेतू होता. प्रत्यक्षात नव्या मागांऐवजी टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. सवलत दिली, पण तिच्या फळाचा हिशेब मागितला नाही, की काय होते याचा हा धडा आहे.

देशी तंत्रज्ञान-उद्योगांना करसवलत देण्याचा विचार करताना तो विसरता येणार नाही. १९६१ च्या आयकर कायद्याच्या ३५ (२ एबी) या कलमान्वये कंपनीला मान्यताप्राप्त संशोधन-खर्चाच्या दुप्पट रक्कम उत्पन्नातून वजा करता येत असे. २०१७ पासून ही वजावट दीडपट झाली आणि एप्रिल २०२० पासून खर्चाइतकीच उरली. दरम्यान २०१९ मध्ये, सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी कराचा दर २२ टक्क्यांवर आणला गेला. करपद्धती त्यामुळे सुटसुटीत झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु हा दर प्रयोगशाळा चालविणाऱ्यास आणि केवळ लाभांश वाटणाऱ्यास सारखाच लाभतो.

मग जुनी वजावट जशीच्या तशी परत आणावी काय? येथेच खरी मेख आहे. एक कोटी रुपये संशोधनावर खर्चणाऱ्या कंपनीचा, ३० टक्के दराने, साध्या वजावटीत ३० लाखांचा कर वाचे. दुप्पट वजावटीत ६० लाखांचा. पण हे नफ्यातील कंपनीचे गणित झाले. ज्या नवजात कंपनीला अजून नफाच नाही, तिच्या हाती त्या वर्षी काहीच पडत नसे. तोटा पुढे ओढण्याचेच काय ते समाधान. भागीदारीत चालणारा लहान कारखाना तर या कलमाच्या कक्षेतच नव्हता. ज्याला निकड अधिक, त्याचेच हात रिकामे.

कॅनडा व ऑस्ट्रेलिया यांनी यावर उपाय योजला आहे. तेथे पात्र लहान कंपन्यांना, कर देय नसला तरी, संशोधन-खर्चाचा ठरावीक भाग सरकारकडून रोख परत मिळतो. आपल्याकडे २०२५ मध्ये एक लाख कोटी रुपयांची संशोधन-निधी योजना मंजूर झाली, ती स्वागतार्ह आहे. तथापि तिचा भर काही टप्पा गाठलेल्या प्रकल्पांना दीर्घ मुदतीचे कर्ज वा भांडवल देण्यावर आहे. फसण्याची शक्यता मोठी असलेल्या पहिल्या प्रयोगाला कर्ज मानवत नाही.

नेहमीच्या खर्चावर संशोधनाचे लेबल चिकटविले जाईल, हा आक्षेप खोटा नाही. म्हणून परतफेडीला वार्षिक मर्यादा हवी, तंत्रज्ञांकडून तपासणी हवी आणि लाभार्थींची यादी दरवर्षी जाहीर व्हावी. २०२०-२१ मध्ये देशाचा संशोधन-खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के होता. तो वाढायलाच हवा. मात्र पगार हाती पडण्यापूर्वीच ज्याचा कर कापला जातो, त्या नोकरदाराला आपल्या पैशाने प्रयोगशाळा उभी राहिली की इमला, हे विचारण्याचा अधिकार कायद्यानेच दिला पाहिजे.