काचेच्या पेटीतले तळे

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने ‘या वर्षी लसीकरण नको’ अशी प्रेमळ तंबी दिली. आजवर माझ्याकडून त्यांना बहुधा तेच मिळत आल्याने तक्रारीला जागा नाही. म्हणून माझ्या कोसाडच्या दवाखान्यातील प्रतीक्षालयाविषयी लिहितो. तेथे तीन फूट लांबीच्या काचपेटीत मी एक लहानसे हिरवे तळे सांभाळले आहे. तापाने किरकिरणारे मूल तिच्यासमोर घटकाभर गप्प बसते, हा तिचा व्यावहारिक उपयोग. मात्र तिची सुरुवात माझ्या फजितीने झाली.

पेटी आणली त्याच दिवशी पाणी भरले, वनस्पती रोवल्या आणि संध्याकाळी बारा मासे सोडले. दुसऱ्या आठवड्यात मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. दोन दगावले. धंद्याच्या सवयीने मी ‘जंतुसंसर्ग’ असे निदान केले आणि कपाटातील प्रतिजैविकाची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकली. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झाले व उरलेले मासेही गेले. साध्या सर्दीखोकल्याला प्रतिजैविक मागणाऱ्या आयांना रोज नकार देणारा मी, स्वतःच्या पेटीत मात्र तपासणीवाचून तेच करून बसलो होतो. ‘डॉक्टरकाका, मासे कुठे गेले?’ या एका चिमुरडीच्या प्रश्नाला मी चक्क तिचे वजन घेण्याचे निमित्त काढून टाळले.

घडले होते ते असे. माशांच्या उत्सर्जनातून व उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया साठतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट. या जिवाणूंची वसाहत वाळूत, फिल्टरच्या स्पंजावर व पानांवर वसते, आणि ती पुरेशी वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मी तिला वेळ दिला नाही; जी थोडी रुजली असेल तीही कॅप्सूलने बहुधा मारली.

नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरते व हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन होते. प्राणवायू वाहण्याची शक्ती जाऊन रक्त तपकिरी पडते. आम्हा बालरोगतज्ज्ञांना हा प्रकार अनोळखी नसावा. विहिरीच्या नायट्रेटयुक्त पाण्यात कालवलेल्या दुधाने तान्ही बाळे निळी पडतात, हे अमेरिकेतील आयोवाच्या डॉ. कॉमली यांनी १९४५ साली दाखवून दिले होते. परीक्षेत हे उत्तर मी सहज लिहिले असते. पेटीसमोर उभे राहून आठवले नाही. त्या विकारावरचे आपले औषध, मिथिलीन ब्लू, मत्स्यपेटीच्या दुकानातही निळ्या बाटलीत मिळते. परंतु ते वनस्पतींना व उपकारक जिवाणूंनाही बाधते, म्हणून वापरायचे तर वेगळ्या भांड्यात.

या छंदाच्या मुळाशी वैद्यक व औषधशास्त्राशी संबंधित दोन माणसे आहेत, हे वाचून मला थोडे समाधान वाटले. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी पतंगाचा कोश ठेवलेल्या बंद बाटलीत नेचा आपोआप उगवलेला पाहिला आणि त्यातून वनस्पतींच्या काचपेट्या जन्मल्या. पुढे १८५०च्या सुमारास तेथील अपॉथेकरी मंडळाचे रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी दोन गोल्डफिश व व्हॅलिस्नेरिया एका भांड्यात ठेवले. कुजलेल्या पानांनी पाणी घाण होऊ लागले, तेव्हा त्यांनी तळ्यातील गोगलगायी सोडल्या आणि मेळ जमला.

दुसऱ्या खेपेस मी घाई केली नाही. पेटी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर सुमारे १९० लिटर पाणी मावते. काच व वाळू धरून वजन दोनशे किलोंच्या वर जाते, तेव्हा टेबल सुताराकडून मजबूत करून घ्यावे. तळाशी चाळलेली बागेतील माती एक इंच (खत अजिबात नको), वर जाड वाळू दीड इंच. वाळूवर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावे. फेस आला तर चुन्याचा अंश आहे, ती नको. मागे उंच व्हॅलिस्नेरिया, मध्ये क्रिप्टोकोरिन, लाकडाला दोऱ्याने बांधलेला जावा फर्न (त्याचे खोड पुरल्यास कुजते), आणि सुरुवातीला भरपूर हायड्रिला, कारण भराभर वाढणाऱ्या वनस्पती अमोनिया थेट शोषतात. क्रिप्टोकोरिनची पाने पहिल्या पंधरवड्यात विरघळून जातात; मुळे जिवंत असतात, उपटू नये. सातारच्या कास पठारावरील वायतुराही पाणवनस्पतींच्याच कुळातला आहे, पण तो दुर्मीळ. पेटीसाठी त्याचा मोह कोणी धरू नये.

दिवा आठ तास, तोही टायमरवर; थेट ऊन पडले की शेवाळ माजते. मासे सहाव्या आठवड्यानंतर, तेही अमोनिया व नायट्राइट शून्य आल्यावर, आणि एका वेळी चार-पाचच. गोल्डफिश रोपे उकरतो, म्हणून तो नको. दर आठवड्यास एक-चतुर्थांश पाणी बदलावे. नळाचे पाणी क्लोरिनयुक्त असल्याने बादलीत दिवसभर उघडे ठेवावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. सुरतेच्या मे महिन्यात पाणी तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, तेव्हा रात्री हवेचा पंप चालू असावा, कारण अंधारात वनस्पतीही प्राणवायूच वापरतात. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच. प्रतीक्षालयातील आजीबाईंना हे पटविणे मात्र मला साधलेले नाही. ‘उपाशी ठेवतात हो बिचाऱ्यांना’ ही तक्रार दर आठवड्यास कानी येते. बाळाच्या वरच्या आहाराबाबतही त्यांचे मत असेच असते.

कोसाड आवासातून येणारी पुष्कळ कुटुंबे खानदेशातली. मुलताईहून निघालेली तापी त्यांच्या मुलखातून वाहत आपल्या सुरतेस येते, त्यामुळे ही नदी त्यांच्या नात्यातलीच. तापीवर जलपर्णी किती पसरते ते आपण पाहतोच. म्हणून एक नियम मी कसोशीने पाळतो: पेटीतले काहीही नदीत वा नाल्यात जात नाही. शेवाळ खातो म्हणून विकला जाणारा सकरमाउथ मासा फूटभर वाढला की लोक तो नदीत सोडून देतात. भारतातील अनेक जलाशयांत तो आता उपद्रवी ठरला आहे. छाटलेल्या फांद्या मी वाळवून कुंड्यांत घालतो.

चांगल्या फांद्या मात्र जपून ठेवतो. मंडळाच्या सभासदांपैकी कोणास हव्या असल्यास शनिवारी दुपारी दवाखान्यात यावे; ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून देईन. मासे मागू नयेत, ते सहा आठवड्यांनी.