विश्लेषण : महिनाभर उपाशी राहून पिल्ले सांभाळणारा ‘बाप’ मासा धोक्यात का आला?

चंदेरी अंग, त्यावर काळे पट्टे आणि पांढरे ठिपके. जेमतेम आठ सेंटिमीटर लांबीच्या ‘बांगाई कार्डिनल’ या माशाला जगभरातील फिश टँकसाठी मोठी मागणी आहे. मात्र मूळ घरातच त्याचे अस्तित्व अडचणीत आले आहे. नेमके कारण काय?

मूळ घर कुठे?

इंडोनेशियातील सुलावेसीच्या पूर्वेला असलेली बांगाई बेटे आणि आसपासचा समुद्र, एवढेच त्याचे नैसर्गिक क्षेत्र. १९३३ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. त्यानंतर तो जवळपास विस्मरणात गेला. १९९४ मध्ये मत्स्यतज्ज्ञ जेराल्ड अॅलन यांना तो पुन्हा दिसला आणि लवकरच त्याचा व्यापार सुरू झाला.

बाप काय करतो?

मादीने अंडी घातली की नर ती तोंडात घेतो. सुमारे तीन आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात. तरी आणखी काही दिवस ती बापाच्या तोंडातच राहतात. या काळात नर जवळजवळ काहीच खात नाही.

मग अडचण कुठे?

प्रवाळातील बहुतेक माशांची पिल्ले प्रवाहाबरोबर दूर जातात आणि नव्या जागी वस्ती करतात. बांगाई कार्डिनलची पिल्ले मात्र बापाने सोडली तिथेच, सी अर्चिनच्या लांब काट्यांत किंवा समुद्रफुलांत आसरा घेतात. त्यामुळे एका जागचे मासे संपले, तर दुसरीकडून नवे येण्याची शक्यता फार कमी. जवळजवळच्या वस्त्यांमध्येही जनुकीय फरक आढळले आहेत. त्यातच हा मासा उथळ पाण्यात थव्याने राहत असल्याने जाळ्यात सहज सापडतो. स्थानिक लोक खाण्यासाठी सी अर्चिन काढतात, त्यामुळे आसराही घटतो.

संरक्षण किती?

‘आययूसीएन’ने २००७ मध्ये त्याला धोक्यातील प्रजातींच्या लाल यादीत टाकले. २००७ आणि २०१६ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ कराराद्वारे नियंत्रण आणण्याचे प्रस्ताव आले. दोन्ही मागे घेतले गेले.

ग्राहक काय करू शकतात?

हा मासा टाकीतही वाढवता येतो. त्यामुळे विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा : मासा टाकीत जन्मलेला आहे की समुद्रातून पकडलेला? उत्तर मिळाले नाही, तर खरेदी टाळलेली बरी.