रिपोर्टवरचं ‘हर-टू पॉझिटिव्ह’

पेडगावहून स्तनातल्या गाठीवर इलाज करायला निघालेलं कुटुंब परभणीमार्गे छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय गाठतं, नाहीतर थेट मुंबईचं टाटा. गाठीचा तुकडा तपासून रिपोर्टवर ‘हर-टू पॉझिटिव्ह’ आलं की घरचे हबकतात. पॉझिटिव्ह म्हणजे हाताबाहेर गेलं, हा पहिला आणि सगळ्यात घातक गैरसमज.

हर-टू हे पेशीच्या आवरणावरचं प्रथिन. वाढीचा निरोप आत पोचवणं हे त्याचं काम. स्तनांच्या साधारण १५ ते २० टक्के कर्करोगांत या प्रथिनाची गर्दी होते आणि निरोप थांबतच नाही. असा कर्करोग झपाट्याने वाढतो, हे खरं. पण नेमकं याच प्रथिनाला चिकटून त्याला अडवणारं ट्रास्टुझुमॅब १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि या रुग्णांचं भवितव्य पालटलं.

रिपोर्टवरचा आकडा नीट पाहावा. ३+ असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशींना गडद, अखंड तपकिरी किनार दिसलेली असते, तो पॉझिटिव्ह. ० आणि १+ निगेटिव्ह. २+ म्हणजे ‘थोडं पॉझिटिव्ह’ नव्हे. तो निकाल अनिर्णित असतो, त्यावर फिश ही जनुकाची तपासणी लागते. ती मेणात जपलेल्या त्याच तुकड्यावर करता येते. म्हणून रुग्णालय बदलताना नुसते कागद नेऊ नका, मेणातला तो तुकडा, म्हणजे ब्लॉकही मागून घ्या.

‘आईला आहे, म्हणजे लेकीलाही येणार’ असंही म्हणतात. हर-टूचा बदल गाठीत घडतो, वारशाने येत नाही. बीआरसीए जनुकातला दोष वारशाने येऊ शकतो. त्याची तपासणी वेगळी.

‘नेमकं औषध आहे, मग केमो कशाला?’ याचा अंदाज टाटा मेमोरियलच्याच, पण दुसऱ्या कर्करोगावरच्या अभ्यासातून येतो. ईजीएफआर हे प्रथिन हर-टूचं भावंड. त्यात बदल असलेल्या, फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या ३५० रुग्णांवरचा हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ईजीएफआरला अडवणाऱ्या नुसत्या जेफिटिनिब गोळीने आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, केमोची जोड दिल्यावर १६ महिने. त्रासही वाढला, हे रुग्णाला आधीच सांगायला हवं.

ट्रास्टुझुमॅबही निर्धोक नाही. त्याने हृदयाची ताकद घटू शकते, म्हणून सुरुवातीला आणि मग साधारण दर तीन महिन्यांनी इको करतात. तो चुकवू नका. धाप लागली, पाय सुजले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. वेळीच औषध थांबवलं तर बहुतेकांचं हृदय सावरतं.