नोहाच्या कावळ्याची पावलं

१८०२ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या साउथ हॅडलीत प्लिनी मूडी या शेतकरी पोराला नांगरताना तीन बोटांच्या ठशांचा दगड सापडला. लोक म्हणाले, ही बायबलमधल्या नोहाच्या कावळ्याची पावलं! १८३६ मध्ये एडवर्ड हिचकॉक यांनी अशा ठशांचा पहिला शास्त्रीय अभ्यास छापला आणि ते महाकाय पक्ष्यांचे ठरवले. मला या अंदाजाचं फार कौतुक वाटतं, कारण ते ठसे डायनोसॉरांचे होते आणि पक्षी त्यांचेच वंशज!

ठसे असलेले हे खडक न्यूअर्क सुपरग्रुप या खडकसमूहाचे. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी पँजिया महाखंड फाटू लागलं, खचदऱ्या पडल्या, त्यांत नद्यांचा गाळ आणि तळी साचली. काठच्या चिखलात पाऊल रुतायचं, चिखल वाळून कडक व्हायचा, मग वर नवा गाळ बसायचा.

कनेक्टिकटमध्ये रॉकी हिलला १९६६ साली सरकारी इमारतीसाठी खोदताना अशी सुमारे २००० पावलं उघडी पडली. नाव युब्राँटिस, पण ते फक्त ठशांचं. तिथे हाडं मिळालेली नाहीत. प्राणी डायलोफोसॉरससारखा असावा. आज डायनोसॉर स्टेट पार्कच्या घुमटाखाली सुमारे ५०० ठसे जागच्या जागी पाहता येतात.

आणि हो, न्यूयॉर्कच्या जुन्या घरांचा तो प्रसिद्ध तपकिरी दगडही बराचसा याच खडकांतला!